जंगलावरच्या हवेतील जादा हायड्रॉक्सिल : क्वांटम रसायनशास्त्राच्या एका भाकिताचा प्रकरण अभ्यास

२००५च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, सुरिनाम, गयाना आणि फ्रेंच गयाना यांच्या अखंड वर्षावनावरून एक लहान जेट विमान हवेची मोजमापे घेत फिरले. मोहिमेचे नाव होते गॅब्रिएल, आणि ती जर्मनीतील माइन्त्स येथील माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेने आखलेली होती. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. अटलांटिकवरून येणारी हवा किनाऱ्यावर पोचते तेव्हा ती बरीच स्वच्छ असते, आणि आत जंगलावरून सरकताना झाडांनी सोडलेल्या वायूंनी ती हळूहळू भरत जाते. वाटेत मोठी शहरे नसल्यामुळे वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांची भेसळ तीत फारशी होत नाही. जंगल एकटे असताना हवेचे काय करते, हे पाहण्याची अशी सोय पृथ्वीवर फार ठिकाणी उरलेली नाही.

विमानातील उपकरणे अनेक गोष्टी मोजत होती. त्यांपैकी वादाला कारण झाला तो हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांची जोडी, जिच्यातला एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना राहिलेला असतो. त्या काळच्या मॉडेलांनुसार जंगलावरच्या हवेत हा मूलक जवळजवळ संपलेला असायला हवा होता. प्रत्यक्षात तो अपेक्षेच्या कित्येक पट सापडला. योस लेलिफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये ‘नेचर’मध्ये हे निष्कर्ष मांडले आणि त्यासोबत एक अंदाजही दिला : झाडांचा वायू खर्च होताना खाल्लेल्या हायड्रॉक्सिलपैकी ४० ते ८० टक्के कोणत्यातरी मार्गाने परत तयार होत असेल, तरच हिशेब जुळतो. तो मार्ग कोणता, याचे ठाम उत्तर मात्र त्यांच्याकडे नव्हते.

पुढच्या सुमारे दहा वर्षांत हे उत्तर कसे शोधले गेले, त्यात क्वांटम रसायनशास्त्रीय गणिताचा वाटा नेमका कोणता होता आणि ते गणित कुठे चुकले, याचा हा अभ्यास आहे. ऊर्जा, जीवशास्त्र आणि पर्यावरण या क्षेत्रांत अशा गणितांची उपयुक्तता सांगताना सहसा यशाच्याच गोष्टी निवडल्या जातात. या प्रकरणात यश आणि अपयश एकाच शोधनिबंधात शेजारी शेजारी बसलेले आहेत, आणि माझ्या मते म्हणूनच ते अधिक शिकवणारे आहे.

हिशेब का बिघडला होता

हायड्रॉक्सिलचे महत्त्व त्याच्या प्रमाणावरून कळत नाही. एका घनसेंटिमीटर हवेत २५ वर अठरा शून्ये इतके रेणू असतात. त्यांत हायड्रॉक्सिल भर दुपारी काही दशलक्ष भरतात आणि एकेकाचे आयुष्य सेकंदभर किंवा त्याहूनही कमी असते. तरीही मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि बहुतेक सेंद्रिय वायू हवेतून नाहीसे होतात ते प्रामुख्याने याच मूलकाच्या हल्ल्यामुळे. वातावरणात हायड्रॉक्सिल किती, यावर मिथेन हवेत किती वर्षे टिकणार हे ठरते. त्यामुळे उष्णकटिबंधीय जंगलांवरचा हा आकडा चुकीचा धरला, तर हवामानबदलाच्या गणितापर्यंत त्याचे पडसाद पोचतात.

दुसरा घटक आयसोप्रीन. पाच कार्बन आणि आठ हायड्रोजन असलेला हा छोटा रेणू अनेक जातींची झाडे उन्हात आणि उकाड्यात पानांतून सोडतात. जगभरातून दरवर्षी बाहेर पडणारे आयसोप्रीन सुमारे ५० कोटी टन आहे, म्हणजे सर्व नैसर्गिक आणि मानवी स्रोतांतून मिळून निघणाऱ्या मिथेनच्या तोडीचे. मिथेन नऊ-दहा वर्षे टिकते, तर आयसोप्रीन हायड्रॉक्सिलच्या तावडीत काही तासांत संपते.

पाठ्यपुस्तकातील जुना मार्ग असा होता. हायड्रॉक्सिल आयसोप्रीनच्या दुहेरी बंधावर बसतो. तयार झालेल्या मूलकाला लगेच हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि पेरॉक्सी मूलक बनतो. शहरी हवेत नायट्रिक ऑक्साइड मुबलक असतो. पेरॉक्सी मूलक त्याच्याशी अभिक्रिया करतो आणि दोन-तीन पायऱ्यांनंतर हायड्रॉक्सिल परत मिळतो. स्वच्छ जंगलात नायट्रिक ऑक्साइड नसल्यासारखाच. तिथे पेरॉक्सी मूलकाला हायड्रोपेरॉक्सिल मूलक (एक हायड्रोजन, दोन ऑक्सिजन) भेटतो, दोघे मिळून एक स्थिर पेरॉक्साइड बनवतात आणि साखळी तिथेच तुटते. एक हायड्रॉक्सिल खर्ची पडला, परत काही आले नाही. जंगलावर आयसोप्रीन इतके असते की या हिशेबाने हायड्रॉक्सिल तळाला जाणे अपरिहार्य होते.

मोजमाप आणि मॉडेल यांत इतके अंतर पडले की संशय तीन ठिकाणी घेता येतो : उपकरण चुकत असेल, हवेच्या मिसळण्याचा अंदाज चुकत असेल, किंवा रसायनातली एखादी पायरी ठाऊकच नसेल. आयसोप्रीन आणि हायड्रॉक्सिल हवेत एकसारखे मिसळलेले नसून वेगवेगळ्या पुंजक्यांत असतील, त्यामुळे त्यांची गाठ मॉडेल मानते त्यापेक्षा कमी पडत असेल, अशीही मांडणी झाली. तिन्ही शक्यतांवर काम सुरू राहिले, आणि शेवटी एकाहून अधिक ठिकाणी तथ्य निघाले.

लूव्हेनचे भाकीत

बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठात योझेफ पेटर्स, थान्ह लाम न्गुयेन आणि ल्यूक फेरेकन यांनी प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. पेरॉक्सी मूलकाला जंगलात भेटायला कोणी लवकर येत नाही, त्याचे आयुष्य सेकंदांवरून मिनिटावर जाते. मग एवढ्या वेळात तो एकट्याने, स्वतःच्याच अंगातले अणू हलवून, काही करू शकतो का?

हा प्रश्न प्रयोगशाळेत थेट विचारणे तेव्हा जवळजवळ अशक्य होते. आयसोप्रीनपासून बनणारा पेरॉक्सी मूलक एक नसतो. हायड्रॉक्सिल साखळीच्या या टोकाला बसला की त्या टोकाला, ऑक्सिजन जवळच्या कार्बनवर चिकटला की लांबच्या, आणि लांबच्यावर चिकटला असेल तर दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला की विरुद्ध बाजूला, यांवरून सहा प्रमुख समघटक, म्हणजे तेच अणू पण वेगळी मांडणी असलेली रूपे, तयार होतात. सहाही एकाच वस्तुमानाचे. त्यांना वेगळे करून बाटलीत भरता येत नाही, कारण ते मूलक आहेत आणि काही मिनिटांत नाहीसे होतात. गणिताला मात्र ही अडचण नाही. प्रत्येक समघटकात १७ अणू आणि ६३ इलेक्ट्रॉन आहेत. अणूंची जागा ठरवून द्यावी, त्या मांडणीत इलेक्ट्रॉनांची ऊर्जा श्रोडिंगर समीकरणाच्या एखाद्या चांगल्या आसन्नीकरणाने काढावी, अणू थोडे हलवावेत, पुन्हा काढावी. अशा रीतीने एका रचनेतून दुसऱ्या रचनेत जाताना मध्ये ऊर्जेचा उंबरठा किती उंच आहे ते समजते, आणि उंबरठ्याच्या उंचीवरून अभिक्रियेचा वेग मिळतो.

या शोधातून एक विशिष्ट रचना पुढे आली. ऑक्सिजन साखळीच्या लांबच्या टोकाला आणि दुहेरी बंधाच्या त्याच बाजूला असेल, तर पेरॉक्सी गटाचे टोक वळून हायड्रॉक्सिल बसलेल्या कार्बनच्या अगदी जवळ येते. त्या कार्बनवरचा एक हायड्रोजन उडी मारून पेरॉक्सी गटावर जाऊ शकतो. अशा उड्या इतर सेंद्रिय मूलकांमध्ये ज्वलनाच्या तापमानाला सर्रास होतात, इंजिनाच्या रसायनशास्त्रात त्या जुन्याच माहितीच्या आहेत. पण जंगलावरच्या पंचवीस-तीस अंशांच्या हवेत त्या होतील असे कोणी गृहीत धरत नव्हते. आयसोप्रीनच्या बाबतीत मागे उरणारा मूलक शेजारच्या दुहेरी बंधावर पसरून स्थिर होतो, त्यामुळे उंबरठा नेहमीपेक्षा बराच खाली येतो. पुढे ऑक्सिजन येऊन एक हायड्रोपेरॉक्सिल मूलक सुटतो आणि मागे एक नवा रेणू राहतो : एका टोकाला हायड्रोपेरॉक्साइड, दुसऱ्या टोकाला अल्डिहाइड आणि मध्ये दुहेरी बंध. अभ्यासकांच्या बोलण्यात त्याचे नाव एचपाल्ड. दुहेरी बंधाला जोडलेले अल्डिहाइड सूर्यप्रकाश शोषते, आणि शोषलेल्या ऊर्जेने हायड्रोपेरॉक्साइडमधला ऑक्सिजन–ऑक्सिजन बंध, जो मुळातच नाजूक, तुटतो. तुटला की हायड्रॉक्सिल मोकळा होतो.

२००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मांडणीत आणखी एक बारकावा होता, जो पुढे निर्णायक ठरला. ऑक्सिजन आणि कार्बन यांच्यातला हा नवा बंध साध्या कार्बन–कार्बन बंधाच्या पाव ताकदीचाही नसतो. जंगलात पेरॉक्सी मूलकाला भरपूर वेळ मिळतो, तेवढ्यात ऑक्सिजन सुटून पुन्हा दुसऱ्या जागी चिकटू शकतो. म्हणजे सहा समघटक एकमेकांत बदलत राहतात, आणि कोणता किती, हे सुरुवातीला ऑक्सिजन कुठे चिकटला यावर कमी आणि त्यांच्या परस्पर स्थिरतेवर जास्त अवलंबून राहते. शहरी हवेत नायट्रिक ऑक्साइड त्यांना ही अदलाबदल करण्याइतका अवकाशच देत नाही. प्रयोगशाळांतील जुने प्रयोग बहुतांशी भरपूर नायट्रिक ऑक्साइड असतानाच केलेले होते. त्यांत हा मार्ग कधी दिसला नाही, याचे कारण इथे सापडते.

गणिताने निघालेला वेग मोठा होता. पेटर्स आणि बेल्जियमच्या अवकाश-वायुविज्ञान संस्थेतील झाँ-फ्रान्स्वा म्युलर यांनी २०१०मध्ये तो जागतिक मॉडेलमध्ये घातला तेव्हा जंगलांवरचा हायड्रॉक्सिल इतका वाढला की मोजमापांशी असलेली तफावत मोठ्या प्रमाणात भरून निघाली. इथे थांबले असते तर ही एक सुबक यशोगाथा झाली असती, आणि चुकीची.

पासाडेनातील पडताळणी

भाकिताची खरी किंमत त्याने दिलेल्या वेगात नव्हती. त्याने एका रेणूचे नाव सांगितले होते, ज्याचे वस्तुमान ११६ आहे आणि जो जुन्या मार्गाने बनत नाही. हा रेणू दिसला तर मार्ग खरा, न दिसला तर खोटा.

पासाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील (कॅल्टेक) जॉन क्राउन्स, फाबियाँ पोलो, पॉल वेनबर्ग आणि कोपनहेगनचे सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ हेन्रिक कियरगार्ड यांनी तो शोधला. त्यांचे उपकरण पेरॉक्साइडांसाठी सोयीचे होते. हवेच्या नमुन्यात ट्रायफ्लुओरोमिथॉक्साइड हा ८५ वस्तुमानाचा ऋण आयन सोडायचा. तो पेरॉक्साइडासारख्या रेणूला न तोडता चिकटतो, आणि जोडगोळीचे वस्तुमान वर्णपटमापीत वाचता येते. ८५ आणि ११६ मिळून २०१. पेरॉक्सी मूलक लवकर मरू नयेत म्हणून प्रयोगाच्या बंद कक्षात नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोपेरॉक्सिल दोन्ही कमी ठेवायचे, आणि मग २०१ या आकड्यावर संकेत वाढतो का ते पाहायचे. शेजारी २०३वर जुन्या मार्गाचा पेरॉक्साइड असतो. दोघांच्या उंचीच्या गुणोत्तरावरून एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन मार्गांचे वेग तोलता येतात.

२०१वर संकेत आला. एचपाल्ड खरोखरच तयार होत होते, तापमान वाढवले की जास्त होत होते, आणि हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन असलेले आयसोप्रीन वापरले की त्यांचे प्रमाण घटत होते, म्हणजे हायड्रोजनची उडीच या मार्गातली कळीची पायरी होती. पण २२ अंश सेल्सिअसला, सर्व समघटक एकत्र धरून, वेग निघाला सेकंदाला सुमारे ०.००२, म्हणजे दर सेकंदाला हजारातले दोनच मूलक उडी मारत होते. लूव्हेनच्या २००९मधील आकड्यापेक्षा हा दहा पटींहून कितीतरी कमी होता.

मार्ग बरोबर, वेग चूक. २०११च्या या निकालानंतर ज्यांनी जुना वेग आपल्या मॉडेलमध्ये घातला होता त्यांना तो काढावा लागला, आणि जंगलावरच्या हायड्रॉक्सिलचा प्रश्न अर्धा उघडा राहिला.

चूक नेमकी कुठे होती

उंबरठ्याची उंची आणि वेग यांचे नाते घातांकी आहे. खोलीच्या तापमानाला उंबरठा प्रतिमोल एक किलोकॅलरीने चुकला तर वेग सुमारे साडेपाच पटींनी चुकतो. दोन किलोकॅलरींनी चुकला तर तीस पटींनी. रसायनशास्त्रात एक किलोकॅलरी अचूकतेला ‘रासायनिक अचूकता’ म्हणण्याची प्रथा आहे आणि ती गाठली की गणित उत्तम समजले जाते. वातावरणाच्या मॉडेलसाठी मात्र ही उत्तम अचूकता पाचपट अनिश्चितता सोबत घेऊन येते, हे क्वांटम रसायनशास्त्राच्या बाहेर बसलेल्या वापरकर्त्याच्या लक्षात सहज येत नाही. त्यामुळे पहिला संशय उंबरठ्यावर जाणे साहजिक होते.

२०१४मध्ये लूव्हेनच्या गटाने आपले गणित नव्याने केले आणि सुधारित मांडणीला एलआयएम-१ (लूव्हेन आयसोप्रीन मेकॅनिझम) असे नाव दिले. या वेळी उंबरठे ‘कपल्ड क्लस्टर’ या पद्धतीने काढले, जी अचूकतेत नावाजलेली पण संगणकाला फार जड आहे : तिचा सर्रास वापरला जाणारा प्रकार रेणू दुप्पट झाला की सुमारे १२८ पट काम मागतो. या पद्धतीने उंबरठ्यांचा हिशेब सुधारला, हे खरे; परंतु सर्वांत बोलका खुलासा दुसरीकडे होता. एकट्या योग्य समघटकाची उडी नव्या गणितातही जोरदारच निघाली, खोलीच्या तापमानाला सेकंदाला साधारण एकच्या घरात. कमी निघाले ते त्या समघटकाचे प्रमाण. अदलाबदल स्थिरावल्यावर एकूण पेरॉक्सी मूलकांपैकी तो जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी असतो. घाटाचा रस्ता कितीही झपाट्याने उतरता येत असला, तरी शंभरातली एकच गाडी त्या फाट्याला वळत असेल तर खालच्या गावात पोचणाऱ्या गाड्यांची संख्या फाट्यावरच ठरते. प्रयोगात मोजला जातो तो सर्व समघटकांचा एकत्रित वेग, आणि तो याच कारणाने उडीच्या वेगापेक्षा शेकडो पट लहान असतो.

हे प्रमाण पहिल्या वेळी का चुकले? समघटकांपैकी काहींत हायड्रॉक्सिल गट वळून पेरॉक्सी गटाशी हायड्रोजन बंध जुळवतो आणि त्यामुळे ते समघटक जास्त स्थिर होतात. २००९च्या कामात रचनांसाठी वापरलेली बी३एलवायपी ही घनता-फलन पद्धत (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारी) रेणूच्या जवळ आलेल्या भागांमधील लंडन आकर्षणाचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालीतून निर्माण होणाऱ्या दुर्बळ ओढीचा, हिशेबच धरत नाही. ही ओढ अशा हायड्रोजन बंध असलेल्या रचनांमध्ये नगण्य नसते. ती धरणारी एम०६-२एक्स ही पद्धत वापरली आणि प्रत्येक समघटकाची फक्त सर्वांत स्थिर रचना न घेता त्याच्या सर्व वळणांची, म्हणजे संरूपांची, बेरीज केली, तेव्हा प्रमाणे बदलली. बी३एलवायपी ही त्या काळी आणि आजही सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी एक आहे. ती वाईट आहे म्हणून नव्हे, तर स्वस्त आणि बहुतेकदा पुरेशी आहे म्हणून. हे ‘बहुतेकदा’ कुठे लागू होत नाही, ते आधी कळणे अवघड असते.

दुसरी गोष्ट टनेलिंगची. हायड्रोजन हा सर्वांत हलका अणू. पुंजयामिकीनुसार तो उंबरठ्याच्या माथ्यावर न चढताही पलीकडे उमटू शकतो. एलआयएम-१च्या गणितानुसार ही उडी जवळजवळ पूर्णपणे याच रीतीने होते. म्हणजे उंबरठा किती उंच हे पुरेसे नाही, तो किती रुंद हेही काढावे लागते. जड हायड्रोजनच्या प्रयोगात उत्पादन घटले त्यामागेही हेच आहे, कारण दुप्पट जड अणूला पलीकडे उमटणे फार अवघड जाते. क्राउन्स यांच्या प्रयोगातले ते निरीक्षण नव्या गणिताने संख्यात्मक पातळीवरही जुळवून दाखवले.

सुधारित गणिताचा एकत्रित वेग प्रयोगापेक्षा सुमारे १.८ पट अधिक निघाला, जो दोन्हींच्या त्रुटींच्या मर्यादेत बसतो. मात्र ही जुळणी साधताना उडीनंतर एचपाल्डखेरीज आणखी एक, जवळपास तेवढाच महत्त्वाचा फाटा गणितातून पुढे आला होता, ज्यात दोन हायड्रोपेरॉक्साइड गट असलेला नवा पेरॉक्सी मूलक तयार होतो. प्रयोगाने फक्त एचपाल्ड मोजले होते. उडी मारलेले सगळे मूलक मोजले नव्हते. टीकाकार म्हणू शकतो की आधीच्या निकालाशी जुळवून घेण्यासाठी ही वाट काढली. तो आक्षेप फेटाळण्यासाठी समघटकांचे वेग स्वतंत्रपणे मोजणे आवश्यक होते, आणि ते काम कॅल्टेकच्याच गटाने २०१७पर्यंत करून दाखवले. योग्य रचना असलेल्या दोन समघटकांची उडी सेकंदाला एकच्या आसपासच्या कोटीतली आणि एकमेकांपेक्षा जवळजवळ दसपट वेगळी असल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

दरम्यान, उपकरण

हायड्रॉक्सिल मोजण्याची प्रचलित रीत अशी आहे : हवा एका बारीक छिद्रातून निर्वात कक्षात ओढायची, ३०८ नॅनोमीटरच्या लेझर किरणाने मूलकांना उत्तेजित करायचे आणि त्यांनी परत सोडलेला प्रकाश मोजायचा. पार्श्वभूमी ओळखण्यासाठी लेझरची तरंगलांबी किंचित बाजूला सरकवायची. तरीही जो संकेत उरतो तो पार्श्वभूमीचा, जो नाहीसा होतो तो हायड्रॉक्सिलचा. या रीतीत एक भोक आहे. उपकरणाच्या आतच एखादा दुसरा रेणू फुटून हायड्रॉक्सिल तयार होत असेल, तर तोही खऱ्यासारखाच दिसतो.

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या गटाने २००९च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडाच्या एका जंगलात वेगळा उपाय वापरला. हवा आत घेण्याआधीच तिच्यात हायड्रॉक्सिलला झटकन खाणारा वायू सोडायचा. त्यानंतरही संकेत दिसला, तर तो उपकरणाच्या आत तयार झालेला. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जुन्या रीतीने हायड्रॉक्सिल साधारण दुप्पट दिसत होता. माइन्त्सच्या गटानेही पुढे तशीच सोय आपल्या उपकरणाला जोडली आणि युरोपातील मोजमापांत आतच बनणारा मोठा वाटा वेगळा काढला. २०१३च्या उन्हाळ्यात अलाबामातील जंगलात नव्या रीतीने घेतलेली मोजमापे अद्ययावत आयसोप्रीन रसायन असलेल्या मॉडेलशी बऱ्यापैकी जुळली.

त्याच सुमारास जर्मनीतील युलिश येथील सॅफिर या २७० घनमीटरच्या, सूर्यप्रकाशात उभ्या असलेल्या टेफ्लॉन कक्षात आयसोप्रीन सोडून हायड्रॉक्सिलचा ताळेबंद तपासला गेला. २०१३चा निकाल दोन्ही बाजूंना थोडा अस्वस्थ करणारा होता : आयसोप्रीनपासून हायड्रॉक्सिल परत मिळतो हे पक्के, लूव्हेनच्या धर्तीचे रसायन आवश्यक हेही पक्के, पण शेतावरून आणि जंगलावरून नोंदलेले सर्वांत मोठे आकडे एवढ्याने स्पष्ट होत नाहीत.

थोडक्यात, अंतराचा एक भाग रसायनाने भरला आणि एक भाग उपकरणाच्या दुरुस्तीने. २००९मधल्या गणिताने ते जवळजवळ सगळेच रसायनाने भरून काढले होते. मॉडेल आणि मोजमाप जुळले की प्रश्न सुटला असे मानायचा मोह त्या काळी फार मोठा होता, आणि नेमक्या तशाच जुळणीने तेव्हा फसवले.

पुढे काय झाले

हायड्रोजनच्या उडीची कल्पना आयसोप्रीनपुरती राहिली नाही. एकदा उडी झाली, पुन्हा ऑक्सिजन चिकटला, पुन्हा उडी, अशी मालिका चालली की काही सेकंदांतच रेणूवर ऑक्सिजनचे अनेक अणू बसतात आणि तो वायुरूपात राहण्याइतका हलका उरत नाही. या स्वयं-ऑक्सिडीकरणाचा वातावरणातील वाटा क्राउन्स आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये मांडला. २०१४मध्ये फिनलंडच्या पाइनच्या जंगलांशी जोडलेल्या संशोधनातून असे जड रेणू सूक्ष्मकणांची मोठी भर घालतात हे दिसले. हवेतले कण आणि ढगांचे बीज यांचा अभ्यास करणाऱ्यांना ही कल्पना आज रोजच्या वापरातली झाली आहे.

आयसोप्रीनच्या रसायनाची जगभर वापरली जाणारी तपशीलवार यादी, ‘मास्टर केमिकल मेकॅनिझम’, हिच्या २०१५च्या आवृत्तीत एलआयएम-१चा आराखडा घेतला गेला, मात्र त्यातील वेग प्रयोगांना धरून जुळवून घेतले. ही तडजोड मला या प्रकरणाचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो : कोणत्या वाटा आहेत ते गणिताकडून घ्यायचे, त्या वाटांवर किती वर्दळ आहे ते जिथे मोजता येईल तिथे मोजमापाकडून, आणि तापमानानुसार वर्दळ कशी बदलते याचा आकार पुन्हा गणिताकडून. प्रयोग काही मोजक्या तापमानांनाच होतात. मधले आणि बाहेरचे आकडे काढायला सिद्धान्ताशिवाय गत्यंतर नसते.

सह्याद्रीसारख्या प्रदेशासाठी हा मार्ग लागू आहे की नाही, हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे आणि ती कागदावर करता येते. नायट्रिक ऑक्साइड हवेत एक अब्जांश (अब्ज रेणूंत एक) असेल, तर पेरॉक्सी मूलक चार-पाच सेकंदांत त्याच्या हाती लागतो, सेकंदाला ०.००२ वेगाच्या उडीला तिथे काहीही वाव नाही. पुणे किंवा मुंबईसारख्या शहरांतील वाहतुकीच्या वेळच्या हवेत त्यामुळे हा मार्ग मॉडेलमधून वगळला तरी निकाल हलणार नाही. नायट्रिक ऑक्साइड याच्या पन्नासाव्या भागावर आला की मूलकाचे आयुष्य तीन-चार मिनिटांवर जाते आणि उडी स्पर्धेत उतरते. शिवाय तापमान १० अंशांनी वाढले की तिचा वेग दुपटीहून अधिक होतो, त्यामुळे २२ अंशांवर मोजलेला आकडा ३२ अंशांच्या उन्हाळी दुपारच्या जंगलाला जसाच्या तसा लावता येत नाही. पश्चिम घाटातील ज्या भागात रस्ते आणि वीटभट्ट्या दूर आहेत, तिथे दुपारच्या हवेत नायट्रिक ऑक्साइड या दोन टोकांच्या मध्ये नेमके कुठे बसते, यावर तिथल्या आयसोप्रीनचा किती भाग एचपाल्डच्या वाटेने जातो हे ठरेल. आणि त्यासाठी पहिले मोजायचे ते नायट्रिक ऑक्साइड, तेही अब्जांशाच्या शंभराव्या भागापर्यंत वाचू शकणाऱ्या उपकरणाने.